साठीला सहा शतांश कमी

दिवाळीच्या पाडव्याला आमचा भाचा पुण्याहून आला. चिवड्याच्या ताटलीला हात लावायच्या आधी मेल बघायला म्हणून माझ्या कामाच्या खोलीत गेला आणि तिथून ओरडला. मला वाटलं, अंगावर पाल पडली. धावत गेले तर हा मॉनिटरसमोर कपाळाला हात लावून बसलेला.

"मावशी, हा साठवर चालतोय!"

"बरं, मग?"

"घेऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं साठवर?"

मी स्वतः एकोणसाठ वर्षं चालत आले आहे, कुणी कपाळाला हात लावला नव्हता. पण भाचा हिंजवडीत संगणकातलंच काहीतरी करतो, त्यामुळे मिक्सरपासून मोबाइलपर्यंत घरातल्या सगळ्या दुखण्यांचं निदान त्याच्याकडे असतं. त्याने समजावलं. मॉनिटर समोरचं चित्र सेकंदाला ठरावीक वेळा नव्याने काढत असतो. किती वेळा काढतो, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. माझा मॉनिटर ७५ वेळा काढू शकत होता आणि काढत होता ६० वेळा. ७५ आकड्याचं स्टिकर त्याच्या कोपऱ्यात पहिल्या दिवसापासून होतं. ते काढलं की वॉरंटी जाते अशा समजुतीने मी ते जपलं होतं, वाचलं मात्र नव्हतं.

मी साताऱ्यात घरच्या घरी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, वास्तुशांत, तेराव्याची कार्डं. 'चि. सौ. कां.' ही अक्षरं सेकंदाला साठदा काढली काय आणि पंच्याहत्तरदा काढली काय, ती जागची हलत नाहीत. हे मी त्याला सांगितलं. तोवर त्याने सेटिंगमध्ये जाऊन ६० चे ७५ केलेही होते आणि माउस गोल गोल फिरवत होता. "बघ! दिसला फरक?" सोनोग्राफीच्या फोटोत बाळाचं नाक दाखवतात तेव्हा आपण म्हणतो तसं मी म्हणाले, "हो हो, दिसला."

नंतर मी हिशेब केला. साठच्या चालीत एक चित्र १६.६७ मिलिसेकंद टिकतं, पंच्याहत्तरच्या चालीत १३.३३. म्हणजे दर चित्रामागे तीन मिलिसेकंद आणि वर थोडं चिल्लर. पापणी लवायलाच शंभराहून जास्त लागतात. ही बचत ठेवायची कुठे?

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण तेवढ्यात हे खोलीत आले.

आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून त्यांनी गाड्या सोडल्या, स्वतः मात्र लुनाच्या पलीकडे काही चालवलं नाही. निवृत्तीच्या दिवशी भाच्याने त्यांच्यासाठी माझ्या संगणकावर बस चालवायचा एक खेळ घालून दिला. तेव्हापासून संध्याकाळी सहा ते आठ मला काम बंद ठेवावं लागतं, कारण त्या वेळात मुक्कामी गाडी निघालेली असते. दारं बंद झाली की हे तोंडाने डबल बेल देतात. आणि गेली दोन वर्षं त्यांची एकच तक्रार होती: वळणावर गाडी तुटते. वरची खिडक्यांची रांग मागे राहते आणि चाकं पुढे जातात.

मी म्हणायचे, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तोही तपासला. नंबर तोच होता.

भाच्याचे डोळे लकाकले. "काका, ती गाडी नाही तुटत, चित्र तुटतं. टेअरिंग म्हणतात त्याला." आणि तो ताटली मांडीवर घेऊन खालीच बसला. तेव्हाच मला समजायला हवं होतं की भाऊबीजेपर्यंत माझं काम बुडालं.

संगणकातलं ग्राफिक्स कार्ड खेळाची चित्रं तयार करतं. हायवेवर काही नसतं, तिथे ते सेकंदाला सत्तर चित्रं देतं. गावात शिरलं की माणसं, झाडं, दुकानं, आणि आकडा चाळीसवर येतो. मॉनिटर मात्र आपल्या चालीने चालतो. त्याची वेळ झाली तेव्हा नवं चित्र अर्धंच आलेलं असेल, तर तो वर जुनं आणि खाली नवं असं काहीतरी जोडून दाखवतो.

"म्हणजे डबल बेलच्या आधी गाडी हलवायची," हे म्हणाले. "अर्धी माणसं पायरीवर."

"करेक्ट! मग त्यावर उपाय म्हणून व्ही-सिंक. चित्र पूर्ण असेल तरच न्यायचं. पण गाडी ठरलेल्या वेळीच सुटणार. ही हुकली तर पुढच्या गाडीची वाट बघायची."

"बरोबरच आहे," हे म्हणाले. "वेळापत्रक आहे."

"पण मग कधी पटकन मिळते, कधी थांबावं लागतं. चित्र अडखळतं. म्हणून मॉनिटरलाच सांगायचं की घड्याळ बघू नको, चित्र पूर्ण झालं की लगेच नीघ. त्याला अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणतात. काका, सोप्या भाषेत सांगू का? वडाप."

खोलीत शांतता पसरली. वडाप हा शब्द आमच्या घरात काढत नाहीत. कोरेगावला जाणारी जीप स्टँडच्या फाटकाशी उभी राहून ओरडून गिऱ्हाईक भरते, भरली की सुटते, आणि मागे पाच मिनिटांनी फलाटावरून वेळेवर निघालेल्या गाडीला चार सिटं मिळतात, या एका गोष्टीवर यांचं ब्लडप्रेशर उभं आहे. निवृत्त झाल्यावरही नातेवाइकांच्या लग्नाला हे वडापने गेलेले नाहीत. एकदा दोन तास उन्हात उभे राहिले, अक्षता पडून गेल्यावर पोचलो.

"माझ्या घरात वडाप चालणार नाही," हे म्हणाले आणि उठून गेले.

पण वळणावर गाडी तुटत होती हेही खरंच. रात्री जेवणं झाल्यावर पडद्यामागून यांचा आवाज आला, "तात्पुरतं लावून बघा."

लावलं. हायवेवर गाडी अशी गेली की हे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग गावात शिरली, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

भाच्याने मॉनिटरची कागदपत्रं काढली. वायर जोडल्याबरोबर मॉनिटर कार्डाला स्वतःबद्दल माहिती देतो. मुख्य मजकूर १२८ बाइटचा असतो, पुढे पुरवणी जोडता येते. त्यात घराणं, म्हणजे बनवणारी कंपनी, जन्मसाल, सेंटिमीटरमध्ये उंची-रुंदी, आणि काय काय जमतं ते. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सगळ्यांची बेरीज केल्यावर २५६ ने पूर्ण भाग जावा, तरच मजकूर ग्राह्य. भाचा याला 'एडिड' म्हणतो. मी तीस वर्षं लग्नाच्या धंद्यात आहे, मी त्याला बायोडाटा म्हणते, आणि तो शेवटचा बाइट म्हणजे गुणमेलन. आमच्या मॉनिटरने बायोडाटात पसंतीची चाल म्हणून पहिली ओळ ६० चीच लिहिली होती. विंडोजने ती वाचली आणि पुढची वाचायची तसदी घेतली नाही. वरपक्ष असाच असतो.

त्याच बायोडाटाच्या पुरवणीत लिहिलं होतं: जुळवून घेण्याची मर्यादा ४८ ते ७५. म्हणजे चित्रं सेकंदाला ४८ पेक्षा कमी आली तर मॉनिटर जुळवून घेणार नाही. का, तर एकच चित्र फार वेळ धरून ठेवलं की पडद्यावरच्या ठिपक्यांचा भार उतरायला लागतो. यावर एक युक्ती आहे. चित्रं सेकंदाला तीसच येत असतील तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं, म्हणजे मॉनिटरला वाटतं साठ आली.

"हे तर वडापवाले करतात," आतून आवाज आला. "गाडी भरली नाही तर 'निघाली, निघाली' म्हणत चौकाला चक्कर मारून परत तिथेच येतात. आत बसलेला माणूस समजतो, गाडी सुटली."

इतकं अचूक स्पष्टीकरण भाच्यालाही सुचलं नव्हतं. पण आमची अडचण पुढची होती. आमच्या गावात चित्रं येत होती ४० ते ४५. एकेकदा दाखवावीत तर ४८ च्या खाली. दोनदा दाखवावीत तर ८० च्या वर, आणि मॉनिटरची धाव ७५ पर्यंत. ही दुप्पट करायची युक्ती चालायला वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट तरी लागतो. साडेसदतीस ते अठ्ठेचाळीस हा पट्टा कुणाच्याच हद्दीत नव्हता, आणि यांचा सगळा रूट नेमका त्याच पट्ट्यातून जात होता.

"मग बायोडाटात खाडाखोड करायची," भाचा म्हणाला. ४८ खोडून ३७ लिहायचे. त्याची छोटीशी आज्ञावली मिळते. ती मॉनिटरला हात लावत नाही, विंडोजच्या वहीत खोटा बायोडाटा डकवते. मला हे पटत नव्हतं. मुलाच्या पगारात शून्य वाढवलेले बायोडाटे मी टाइप केलेले आहेत आणि त्यांच्या पत्रिका छापायची वेळ आलेली नाही. काम करता करता भाचा इतिहास सांगत होता. २०१३ मध्ये एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीने याच कामासाठी जी-सिंक आणलं, त्याला मॉनिटरच्या पोटात वेगळा भाग बसवावा लागे. २०१४ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात आलं, २०१५ मध्ये एएमडीचे फ्रीसिंक मॉनिटर आले. २०१९ च्या जानेवारीत एनव्हीडियाने सांगितलं, आम्ही इतरांचेही मॉनिटर पसंत करू, ४०० तपासले आणि १२ पास झाले.

"चारशे स्थळं बघून बारा?" मी म्हटलं. "फारच चिकित्सक घराणं."

पुढे ती यादी बरीच वाढली म्हणे. वाढतेच. वय वाढलं की अटी कमी होतात.

तर, ३७ केले. गावात गाडी लोण्यासारखी चालली. यांनी उभं राहून डबल बेल दिली. भाचा भाऊबीज करून, कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुण्याला गेला.

तिसऱ्या दिवशी यांनी रात्रीची फेरी काढली आणि पडदा लुकलुकायला लागला. दिवसा कळत नव्हतं. अंधारात, पावसात, बोगद्यात स्पष्ट दिसत होतं. यांचं निदान: चोक गेला. ट्यूबलाइटला चोक असायचा, मॉनिटरला नसतो, हे मी सांगून पाहिलं. वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला, टेस्टर लावला, व्होल्टेज २३० आहे म्हणाला, दोनशे रुपये घेतले आणि जाताना पाच मिनिटं बस चालवून गेला.

खरं कारण भाच्याने फोनवर सांगितलं. पडद्याचा उजेड एका ठरावीक चालीसाठी बेतलेला असतो. चाल बदलली की उजेडात जरासा फरक पडतो. आमची चित्रं ३८ वर असली की मॉनिटर ३८ ने चाले, ३६ वर घसरली की दुप्पट करून एकदम ७२ ने. इकडून तिकडे उडी मारताना पडदा डोळा मारल्यासारखा करायचा. बोगद्यात यांना कुणीतरी डोळा मारतंय म्हटल्यावर मीही खेळ बघायला बसू लागले.

इथे जरा विषयांतर करते, कारण मला ही गोष्ट गंमतशीर वाटली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा असे. हात भरून आला की चाल मंदावणार, जोर आला की वाढणार, आणि पडद्यावर ते दिसत असणार. कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. बोलपट आले तेव्हा सेकंदाला २४ चित्रं पक्की झाली, कारण चाल हलली की राजाचा आवाज राणीसारखा यायचा. डोळा बिचारा बरंच काही सोसून घेतो, असं मला यावरून वाटतं, आणि आपल्या मालकाला कुणी हर्ट्झ शिकवेपर्यंत तर काहीच बोलत नाही.

भाच्याने हार मानली नाही. खालचा आकडा उतरवून लुकलुक येते ना, मग वरचा चढवू. ४८ ची दुप्पट ९६. मॉनिटर ९६ ने चालवला की सगळे प्रश्न सुटले.

"पण त्याला पंच्याहत्तरच जमतं ना?"

"मावशी, जमतं त्यापेक्षा कंपन्या कमीच लिहितात. शिवाय रिकाम्या ओळी कापू आपण."

या रिकाम्या ओळींचा प्रकार ऐकण्यासारखा आहे. पडद्यावर १०८० ओळी दिसतात, पण नेहमीच्या चालीत पाठवतात ११२५. वरच्या ४५ कुणालाच दिसत नाहीत. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत किरण तळाशी पोचल्यावर पुन्हा वर जायला थोडा वेळ लागे, त्या वेळाच्या या ओळी. नळी गेली, किरण गेला, ओळी राहिल्या. हे ऐकून यांना गलबलून आलं. "डेड किलोमीटर," म्हणाले. डेपोतून स्टँडपर्यंत गाडी रिकामीच न्यावी लागते, तिकीट फाडता येत नाही, पण डिझेल जळतं. त्या ४५ ओळींपैकी काही कापल्या तर तेवढा वेळ वाचतो आणि चाल वाढवता येते.

फोन कानाला लावून, तो सांगेल तसं मी करत गेले. ९६ ची ओळ मी यादीत सगळ्यात वर नेऊन ठेवली. त्याने तसं सांगितलं नव्हतं, पण मला वाटलं नवी सून आहे, पुढे असू दे. संगणक बंद करून चालू केला. मॉनिटरवर मिनिटभर 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी फिरली आणि मग अंधार.

विंडोजच्या सेटिंगमधून चाल बदलली असती तर त्याने पंधरा सेकंद वाट बघून मुकाट्याने जुनं लावून दिलं असतं. आम्ही मागच्या दाराने गेलो होतो, तिथे ती सोय नाही.

आणि दाराची बेल वाजली. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, सीझन सुरू झालेला. परळीकडच्या एका गावातले वधूपिता प्रूफ बघायला आले होते. सोबत वधू, वधूची आई, आत्या, दोन काका, एक मामा आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ जिच्या नावावर छापायची होती ती चार वर्षांची मुलगी. पत्रिका आत संगणकात सुखरूप होती. दिसत नव्हती इतकंच.

इथे यांनी घर वाचवलं. "एक गाडी फेल झाली तर दुसरी लावायची," म्हणाले, आणि संगणक उचलून हॉलमध्ये टीव्हीखाली नेऊन ठेवला. वायर टीव्हीला लावली. चित्र आलं! खोटा बायोडाटा मॉनिटरच्या नावावर होता, टीव्हीचा अस्सल होता. त्रेचाळीस इंची टीव्हीवर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' अशी अक्षरं उमटली आणि सगळ्यांनी आपोआप हात जोडले.

माझ्या तीस वर्षांत इतकं कसून प्रूफ कुणी तपासलं नाही. एरवी वधूपिता चष्मा पुसत एकटा वाचतो आणि छापून झाल्यावर फोन येतो. इथे आठ जण सोफ्यावर, क्रिकेटची मॅच बघावी तसे. आत्याचं नाव काकूच्या खाली आलं होतं, ते मिटवायला वीस मिनिटं आणि दोन वेळा चहा लागला. मामाने स्वतःचं नाव शोधलं, सापडलं नाही. वधूच्या आईचा सख्खा भाऊ! छापली असती तर लग्नात बसला नसता. हा एक दोष मॉनिटर चालू असता तर कुणालाच दिसला नसता, हे मी भाच्याला सांगितलेलं नाही, त्याला उगाच जोर चढेल.

मंडळी गेल्यावर मी टीव्हीवरूनच सगळी खाडाखोड पुसली, मॉनिटर परत जोडला, आणि तो आपल्या मूळ बायोडाटावर हजर झाला. पण त्याआधी सहज म्हणून टीव्हीची चाल बघितली होती. तिथे लिहिलं होतं ५९.९४. मला वाटलं, हाही बिघडला. भाचा म्हणाला, नाही, तो तसाच असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची म्हणून तिकडचा टीव्हीही ६० ला बांधला. १९५३ मध्ये रंगीत चित्राचं मानक ठरवताना रंग आणि आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून चाल हजारात एका भागाने कमी केली. आपल्याकडे वीज ५० ची, दूरदर्शन ५० चं, पण एचडीच्या वायरीतून ते अमेरिकन उणेपण आपल्याही हॉलमध्ये येऊन बसलं. जुन्या विंडोजमध्ये तर म्हणे ६० निवडलं की ते ५९ दाखवायचं, पुन्हा ६० करा, पुन्हा ५९.

मी कॅलेंडर काढलं. साठीला सहा शतांश कमी. वर्षाच्या हिशेबाने बावीस दिवस. माझा साठावा वाढदिवस त्या दिवसापासून मोजून बावीस दिवसांवर होता. मी टीव्हीकडे आदराने बघितलं.

सध्या आमचा मॉनिटर ६० वर आहे. व्ही-सिंक चालू, खेळाला सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा, प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. कार्ड चाळीस देऊ शकतं तिथे तीस मागितल्यावर त्याला धाप लागत नाही. गाडी तुटत नाही, अडखळत नाही, बोगद्यात कुणी डोळा मारत नाही. यांनी मॉनिटरच्या वर कागद चिकटवला आहे: 'दर खेपेस दोन फेऱ्या. वेळेत बदल होणार नाही.' भाचा येणार म्हणून सध्या त्यावर मी कॅलेंडर लटकवलं आहे.

आणि एक विनंती. पत्रिकेचं प्रूफ आता टीव्हीवर मोठ्ठं बघायला मिळतं असं गावात पसरलं आहे. जरूर या. पण संध्याकाळी सहा ते आठ सोडून या, आठ जणांपेक्षा जास्त येऊ नका, आणि मामाला घरूनच विचारून या.